कुजणारा पेपर, पण कुठल्या मातीत?

(भोकर येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची ओळख भोकरकरांना मी करून देणं शोभणार नाही. संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला, तेव्हा मी एवढंच ठरवलं की जे बोलायचं ते उद्या सकाळी वावरात गेल्यावर कामाला आलं पाहिजे. म्हणून आज मल्चिंग पेपरवर, म्हणजे बेडवर अंथरायच्या प्लास्टिकच्या आच्छादनावर, बोलणार आहे. आपण अंथरतो तो पेपर, पीक निघाल्यावर उरतो तो पेपर, आणि आता ‘हा जमिनीतच कुजतो, काढायची कटकट नाही’ असं सांगून विकायला येणारा नवा पेपर.

चार गोष्टी क्रमाने मांडतो. आधी, हा पेपर आपल्याकडे का आला. दुसरं, तो मागे काय ठेवून जातो. तिसरं, कुजणारा पेपर कसा कुजतो आणि त्याने जमिनीचं काय होतं. आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत तो कसा वागेल आणि आपण काय करायचं.

पहिली गोष्ट. पेपर का आला?

याचं उत्तर पाणी आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे या सभागृहात कोण विसरलं असेल? ज्या मुलखात माणसाच्या पिण्याचं पाणी वाघिणींतून आलं, त्या मुलखातल्या शेतकऱ्याला बाष्पीभवन म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. ठिबकने दिलेलं पाणी मुळाशी टिकावं, उन्हाने उडू नये, म्हणून बेडवर पेपर आला. आपलं उन्हाळी टरबूज, खरबूज, मिरची, टोमॅटो, काकडी, पपई आज पेपरवर उभं आहे.

आणि पेपर काम करतो. हे मी आधीच स्वच्छपणे सांगतो, कारण पर्यावरणाचं बोलणारे पुष्कळदा इथेच शेतकऱ्याला गमावून बसतात. पेपरची काळी बाजू उजेड अडवते, म्हणून तण उगवत नाही. चंदेरी बाजू उजेड परत फेकते, त्यामुळे मावा, फुलकिडे, पांढरी माशी पिकावर बसायला कचरतात, आणि मिरचीवाल्याला विचारा, बोकड्या रोगाच्या भीतीपुढे ही गोष्ट किती मोलाची आहे. टरबूज ओल्या मातीला टेकत नाही, म्हणून खालून सडत नाही. खुरपणीची मजुरी वाचते. एकटा लव्हाळा तेवढा हार मानत नाही, त्याचं सुईसारखं टोक पेपरला भोक पाडून वर येतंच. बाकी सगळ्या बाबतीत पेपरने शेतकऱ्याचा फायदा केला आहे.

सरकारनेही हे ओळखलं. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात अनेक वर्षं हेक्टरी ३२,००० रुपये खर्च धरून त्याचा निम्मा भाग, म्हणजे १६,००० रुपये, अनुदान म्हणून मिळत होता, एका शेतकऱ्याला २ हेक्टरपर्यंत. कृषी विभागाने जाडीही सांगितली: ३ ते ४ महिन्यांच्या पिकाला २५ मायक्रॉन, वर्षभराच्या पपईसारख्या पिकाला ५० मायक्रॉन, त्याहून लांब मुदतीच्या फळझाडांना १०० किंवा २००.

अंथरण्याची पद्धत सांगितली. जाडी सांगितली. अनुदान सांगितलं. मग काय राहिलं? पीक निघाल्यावर त्या पेपरचं काय करायचं, एवढंच सांगायचं राहिलं. आणि तिथून माझी दुसरी गोष्ट सुरू होते.

एक हिशेब आपण मिळून करू. ४ फूट रुंद, ४०० मीटर लांब, २५ मायक्रॉनचा एक रोल. त्याचं वजन साधारण ११ किलो भरतं. ५ फुटांवर बेड असतील, तर एकराला साडेसहा-पावणेसात रोल लागतात. म्हणजे एकरी ७० ते ७५ किलो प्लास्टिक, एका हंगामाला. आता आपल्या गावात पेपर अंथरणारे किती एकर आहेत, तो गुणाकार तुम्ही मनात करा.

हे सगळं वावरातून बाहेर निघतं का?

एप्रिलच्या अखेरीस टरबुजाचा शेवटचा तोडा होतो. वेल वाळतात. भाव पडलेला असला तर शेतकऱ्याचं मन त्या तुकड्यावरून उठलेलं असतं. मजूर मिळत नाही. पंधरा दिवस, महिना पेपर तसाच उन्हात पडून राहतो. जो पेपर जानेवारीत ताणला तरी फाटत नव्हता, तो मे महिन्यात ओढायला गेलं की वीतभर हातात येतो आणि उरलेला बेडमध्येच राहतो. मातीत गाडलेल्या कडा तर सुटतच नाहीत. वेलींची मुळं, चिकटलेली माती आणि पेपर यांचा गुंता होतो. तेवढ्यात रोहिणी संपत येतात, मृग तोंडावर येतो, सोयाबीनची घाई सुरू होते. मग हाताला लागेल तेवढा पेपर धुऱ्यावर फेकायचा आणि बाकीच्यावर रोटाव्हेटर घालायचा. रोटाव्हेटर त्या तुकड्यांचे आणखी तुकडे करतो. पाच वर्षांनी त्या जमिनीतली मूठभर माती हातात घेऊन चोळून पाहा. एका बाजूने काळी, एका बाजूने पुसट चंदेरी अशी नखाएवढी टिकली बोटाला लागते. ती चिमटीत धरली तर तिचाही भुगा होतो. तो भुगा नाहीसा झालेला नसतो. तो फक्त आपल्या नजरेच्या टप्प्यातून गेलेला असतो.

आणि धुऱ्यावरच्या ढिगाचं काय होतं? भंगारवाला तो घेत नाही. घेणार कसा? पेपर पातळ, उन्हाने जर्जर झालेला, आणि त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा त्याला चिकटलेली माती जास्त. मग कुणीतरी काडी लावतं. तो काळा धूर, ती काजळी आपल्याच लेकरांच्या फुप्फुसात जाते. उरलेलं वारा नेतो. शेजाऱ्याच्या तुरीत जातं, कडब्यातून जनावराच्या पोटात जातं, ओढ्याने सुधा नदीत जातं आणि पुढे गोदावरीत.

याचा शेवट कुठे होतो, हे बघायला चीनकडे पाहावं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे प्लास्टिक आच्छादन आलं. उत्पादन वाढलं, पाणी वाचलं, आणि पाहता पाहता ते पावणेदोन कोटी हेक्टरच्या आसपास पसरलं. स्वस्तात पडावं म्हणून पेपर पातळ होत गेला, इतका की तिथलं जुनं मानक अवघं ८ मायक्रॉनचं होतं. पातळ पेपर काढताच येत नाही. तिथल्या अनेक शेतांच्या वरच्या थरात हेक्टरी ५० ते २६० किलो प्लास्टिकचे अवशेष मोजले गेले. जिथे अवशेष फार साठले तिथे पाणी मुरण्यात अडथळा आला, मुळं अडली, आणि ज्या पेपरने पीक वाढवलं त्यानेच पीक घटवायला सुरुवात केली. शेवटी नव्या मानकाने किमान जाडी १० मायक्रॉन करावी लागली. जाडी का वाढवली? पेपर जास्त टिकावा म्हणून नव्हे. तो काढता यावा म्हणून.

आपण अजून चीनच्या त्या टप्प्यावर पोहोचलेलो नाही. म्हणूनच आज बोलायचं. जमीन भरून गेल्यावर ती गाळून घेणं सोपं नाही.

आता तिसरी गोष्ट: कुजणारा पेपर.

साधा पेपर पॉलिथिलीनचा असतो. त्याची साखळी कार्बनला कार्बन जोडून बनलेली, आणि ती तोडण्याची हत्यारं मातीतल्या जिवाणूंकडे जवळपास नाहीत. कुजणारा पेपर वेगळ्या रसायनांचा असतो. त्यात मुख्यतः पीबीएटी नावाचं द्रव्य, आणि त्याबरोबर स्टार्च किंवा पीएलए नावाचं दुसरं द्रव्य. यांच्या साखळीत जागोजागी असे सांधे असतात, की पाणी आणि जिवाणूंची विकरं ते सांधे कापू शकतात. गुळाची ढेप कुणी सबंध गिळत नाही, आधी फोडतो आणि मग खडा तोंडात टाकतो. जिवाणूंचंही तसंच आहे. ते आधी विकर बाहेर सोडतात, साखळीचे बारीक खडे करतात, आणि मग ते आत घेतात. विशेष म्हणजे ही विकरं पेपरसाठी नव्याने निर्माण झालेली नाहीत. झाडाच्या पानावर मेणासारखा जो थर असतो, तो फोडायला बुरशीने कैक युगांपूर्वी जी विकरं घडवली, त्याच जातीची विकरं इथे कामी येतात.

हे खरंच घडतं का, की नुसतं सांगायचं? २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झ्यूरिकच्या संशोधकांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पीबीएटीच्या कार्बनवर खूण केली, म्हणजे ओळखू येईल असा जड कार्बन त्यात घातला, आणि तो मातीत कुठे जातो त्याचा माग काढला. त्यातला काही कार्बन वायू होऊन बाहेर पडला आणि काही बुरशीच्या शरीरात सापडला. म्हणजे पेपर नुसता तुटत नाही, तो खाल्ला जातो. ही आशेची गोष्ट आहे आणि ती मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

पण बाजारात ‘कुजणारा’ या एका नावाखाली तीन निरनिराळे माल येतात. ते वेगळे ओळखता आले नाहीत, तर शेतकरी फसणार.

पहिला माल, मातीत कुजणारा. यासाठी २०१८ साली युरोपने खास आच्छादनाच्या पेपरचं मानक केलं, इएन १७०३३. त्यानुसार सुमारे २५ अंश तापमानाच्या ओल्या मातीत २ वर्षांच्या आत पेपरमधला किमान ९० टक्के कार्बन कर्बवायूत रूपांतरित व्हावा लागतो. शिवाय गांडुळं, रोपं आणि मातीतले नत्राचे जिवाणू यांना त्याने अपाय होत नाही, हेही तपासावं लागतं.

दुसरा माल, कंपोस्टमध्ये कुजणारा. त्याचं मानक वेगळं, आयएसओ १७०८८. ती चाचणी ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या औद्योगिक कंपोस्टच्या ढिगात होते. आपली माती मुळांच्या थरात महिनोन्‌महिने ५८ अंशांवर असते का? नसते. निव्वळ पीएलएची वस्तू तर साध्या मातीत फार रेंगाळते. म्हणून कंपोस्टचं प्रमाणपत्र दाखवून कुणी वावरासाठी पेपर विकत असेल, तर तो कागद आपल्या कामाचा नाही.

तिसरा माल सगळ्यात धोक्याचा. साध्या पॉलिथिलीनमध्ये कोबाल्ट, मँगनीज, लोह अशा धातूंचे क्षार मिसळायचे, म्हणजे ऊन लागलं की पेपर लवकर भुरभुरीत होतो. यालाच ऑक्सो-विघटनशील म्हणतात. डोळ्यांना वाटतं कुजला. खरं तर तो नुसता फुटला. जे अवशेष निदान हाताने वेचता आले असते, त्यांचा वेचता न येणारा चुरा झाला. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने अशा प्लास्टिकला जुलै २०२१ पासून बाजाराची दारं बंद केली.

आणखी एक गैरसमज. ‘हा मक्यापासून केलाय, उसापासून केलाय, म्हणजे कुजणारच.’ नाही. ब्राझीलमध्ये उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथिलीन बनतं, आणि ते खनिज तेलाच्या पॉलिथिलीनइतकंच चिवट असतं. उलट पीबीएटी मुख्यतः खनिज तेलातूनच येतं, तरी ते कुजतं. माल कशापासून बनला यावर कुजणं ठरत नाही, साखळीचे सांधे कसे आहेत यावर ठरतं.

मग कुजणारा पेपर जमिनीला निर्धोक आहे का? इथे मला तुमच्याकडून थोडा संयम हवा आहे, कारण उत्तर सरळ होय किंवा नाही असं देता येत नाही.

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन इथल्या संशोधकांनी गव्हाच्या कुंड्यांत पेपरचे तुकडे मिसळले, मातीच्या १ टक्का. साध्या प्लास्टिकनेही गव्हाची वाढ मंदावली, आणि स्टार्च असलेल्या कुजणाऱ्या पेपरने त्याहून जास्त मंदावली. २०१८ चा हा अभ्यास. ऐकून दचकायला होतं. पण हिशेब करू. एका एकराच्या वरच्या अर्ध्या फुटातली माती अंदाजे ८ लाख किलो भरते. तिचा १ टक्का म्हणजे ८,००० किलो. आपला पेपर एकरी ७५ किलो. म्हणजे दर वर्षी सगळाच्या सगळा पेपर मातीत गाडला आणि एक कणही कुजला नाही, तर ती पातळी गाठायला शंभर वर्षं लागतील. त्या अभ्यासाने घाबरून जायचं कारण नाही. पण त्याने एक गोष्ट पक्की शिकवली: कुजण्याच्या वाटेवर असलेला पेपरही मातीत सूक्ष्म तुकडे करतो, आणि ते तुकडे तिथे असेपर्यंत मातीतल्या जिवांशी त्यांचा संबंध येतो. तो काळ जितका लांबेल तितका धोका मोठा.

म्हणून सगळा प्रश्न वेळेचा आहे. साध्या पेपरचा दोष हा की तो दर वर्षी साठतच जातो. कुजणाऱ्या पेपरचा गुण हा की तो साठू नये. पण ‘साठू नये’ हे तेव्हाच खरं, जेव्हा या वर्षीचा पेपर संपल्यावरच पुढचा मातीत जाईल. अंथरण्याचा वेग कुजण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला, तर कुजणारा पेपरसुद्धा साठतो. हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा. अंथरण्याचा वेग कुजण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला, तर कुजणारा पेपरसुद्धा साठतो.

अमेरिकेत टेनेसी आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांत असा पेपर अनेक वर्षं एकाच जमिनीत घालून पाहिला. मातीच्या आरोग्यात मोठा बिघाड दिसला नाही, ही चांगली बातमी. पण उष्ण टेनेसीत पेपर तुलनेने वेगाने कुजला, आणि थंड वॉशिंग्टनमध्ये तोच पेपर रेंगाळला, तीन वर्षांनीही तुकडे सापडत होते. पेपर तोच, फरक फक्त जमिनीचा आणि हवेचा.

आणि म्हणूनच चौथी गोष्ट. आपली जमीन.

प्रयोगशाळेतली माती वर्षाचे बाराही महिने ओली आणि २५ अंशांवर असते. भोकरची माती तशी असते का? मे महिन्यात आपला पारा ४२-४३ ला जातो. ठिबक बंद झालं की काळी जमीन कोरडी ठक्क होते. तापमान आहे, पण ओल नाही, आणि ओल नसेल तर जिवाणू झोपलेले असतात. त्या कोरड्या काळात पेपर कुजत नाही, उन्हाने फक्त फुटतो. मग जूनमध्ये पाऊस येतो. आता ऊब आहे आणि ओलही आहे. मृगापासून हस्तापर्यंतचे हे चार महिने आपल्या जमिनीचा कुजवण्याचा खरा हंगाम. त्यातही श्रावण कोरडा गेला, मोठा खंड पडला, तर तो हंगामही अर्धा होतो. जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी असेल, आणि मराठवाड्यात तो बहुतेक ठिकाणी कमीच आहे, तर कुजवणारी सेनाही अपुरी.

आपल्या काळ्या जमिनीचा आणखी एक स्वभाव आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. त्या भेगांत वरचे तुकडे पडतात, पाऊस आला की भेग मिटते, आणि नांगराचा फाळ पोहोचत नाही तिथे तुकडा गाडला जातो. खाली हवा कमी, जिवाणू कमी, कुजणं मंद. युरोपच्या जमिनीवर बेतलेल्या चाचणीत या भेगांचा हिशेब कुठे आहे? आणि आपल्याच तालुक्यात काळ्या जमिनीला लागून मुरमाड, बरड जमीन आहे. तिचं वागणं आणखी निराळं.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच आहे: पेपर कुजतो का, हा प्रश्न अपुरा आहे. तो आपल्या मातीत, आपल्या पावसावर, किती महिन्यांत आणि कशात रूपांतरित होऊन कुजतो, हा पुरा प्रश्न आहे. तो विकणाऱ्याला विचारण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे, आणि त्याचं उत्तर द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

आता कामाचं बोलू. कुणी काय करायचं?

शेतकऱ्याने काय करायचं? आज साधा पेपर वापरत असाल तर जाडीत काटकसर करू नका. २५ मायक्रॉनच्या खाली जाऊन वाचवलेले पैसे काढताना दुप्पट जातात, आणि जमीन जाते ती वेगळीच. शेवटचा तोडा झाला की त्याच आठवड्यात पेपर काढा. आधी ठिबकच्या नळ्या गुंडाळा, जमीन किंचित ओली असू द्या, कडांची माती मोकळी करा, आणि पेपर ओढू नका, गुंडाळत न्या. महिनाभर उन्हात राहिला की तो सबंध निघत नाही.

कुजणारा पेपर घ्यायचा असेल तर आज त्याला साध्या पेपरच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागतात. काढण्याची मजुरी आणि काढलेल्याची विल्हेवाट त्यातून वजा करून हिशेब करा. अडीच महिन्यांच्या टरबुजाला तो शोभेल, वर्षभराच्या पपईला टिकणार नाही. तो पातळ असतो, अंथरताना फार ताणू नका. मागच्या वर्षीचा उरलेला रोल पत्र्याच्या शेडमध्ये तापवून या वर्षी वापरू नका, त्याचं आयुष्य गोदामातच सुरू झालेलं असतं. वाऱ्याने उडून ओढ्यात जाऊ देऊ नका, कारण मातीत कुजण्याची चाचणी पाण्यात लागू होत नाही. पीक निघाल्यावर तो उघडा न ठेवता पहिल्या पावसाआधी मातीत मिसळा, म्हणजे कुजवणारे चारही महिने त्याला मिळतील.

आणि जिथे जमेल तिथे पिकाचं आच्छादन पिकालाच द्या. उसाचा एक एकर तुटला की तीन-चार टन पाचट मागे राहतं, आणि अनेक जण ते पेटवून देतात. हेक्टरी पाच टन काडीकचऱ्याचं आच्छादन पुरतं, म्हणजे एका एकराचं पाचट दीड एकर झाकेल. सोयाबीनचं भुसकट आहे, केळीची पानं आहेत. अर्धापूर-मुदखेडच्या पट्ट्यात तर यांचे डोंगर असतात. होय, त्यात चंदेरी चमक नाही, वाळवीकडे लक्ष द्यावं लागतं, पसरायला मजूर लागतो. मिरचीच्या बेडवर ते पेपरची जागा घेईलच असं मी म्हणत नाही. पण हळदीला, फळबागेला, उसाच्या खोडव्याला ते पेपरपेक्षा सरस आहे, कारण ते कुजल्यावर जमिनीला कर्ब देऊन जातं.

सरकारने काय करायचं? ज्या अनुदानाने पेपर वावरात आणला, त्याच अनुदानाने तो बाहेर काढायला मदत केली पाहिजे. वेष्टनाच्या प्लास्टिकसाठी २०२२ पासून उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आली आहे, म्हणजे त्या कचऱ्याची सोय लावणं उत्पादकाकडे आलं आहे. पण मल्चिंग पेपर हे वेष्टन नव्हे. मग त्याची जबाबदारी कुणाची? फ्रान्समध्ये २००१ पासून ‘अ‍ॅडिव्हॅलोर’ नावाची व्यवस्था चालते. ठरलेल्या दिवशी शेतकरी वापरलेलं शेती-प्लास्टिक ठरलेल्या जागी आणून देतात, आणि तयार करणारे, विकणारे त्याचा खर्च उचलतात. आपल्या तालुक्याच्या बाजार समितीच्या आवारात मे महिन्यात असे आठ दिवस ठरवता येणार नाहीत का? शेतकरी उत्पादक कंपन्यांना हे काम देता येणार नाही का? दुसरं म्हणजे, मार्च २०२४ च्या प्लास्टिक कचरा नियमांच्या दुरुस्तीने जैवविघटनशील प्लास्टिकची व्याख्या करताना सूक्ष्म प्लास्टिक मागे राहता कामा नये असं म्हटलं आहे. चांगली व्याख्या आहे. आता ती गावातल्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपर्यंत पोहोचली पाहिजे. रोलवर मराठीत छापलं पाहिजे: मातीत कुजणारा की कंपोस्टमध्ये, कुठल्या मानकाचा, कुठल्या पिकाला, कधी तयार केलेला.

विद्यापीठाने काय करायचं? १९७२ पासून परभणीचं कृषी विद्यापीठ या काळ्या जमिनीचा अभ्यास करत आलं आहे. कुजणाऱ्या पेपरची बहुवर्षीय चाचणी, त्याच जमिनीत सलग पाच-सात वर्षं, काळ्या आणि मुरमाड अशा दोन्ही जमिनींत, घेण्याला त्याच्याइतकी योग्य जागा कुठली? एका हंगामाची चाचणी पिकाचं उत्पादन सांगते. जमिनीत काय साठतं, हे सांगायला वर्षं लागतात.

बंधू-भगिनींनो, चार गोष्टी सांगितल्या, त्यांचं सार एकत्र करतो. पेपरने पाणी वाचवलं, त्याचा उपकार विसरू नका. साधा पेपर साठतो, तो वेळेवर सबंध काढा. कुजणारा पेपर कुजू शकतो, पण नाव बघून नव्हे, मातीचं मानक बघून घ्या. आणि आपल्या मातीत तो किती दिवसांत जातो, हे दुसऱ्याच्या सांगण्यावर सोडू नका.

हे शेवटचं काम आपण इथूनच सुरू करू शकतो, आणि त्याला पैसा लागत नाही. या वर्षी कुणी कुजणारा पेपर आणला, तर त्याचे हातभर लांबीचे सहा तुकडे कापा. प्रत्येक तुकडा शेडनेटच्या छोट्या पिशवीत घाला, आणि मृगाच्या तोंडाला वीतभर खोल गाडून वर खुंट ठोका. तीन काळ्या जमिनीत, तीन मुरमाडात. दसऱ्याला दोन्हीकडची एकेक पिशवी काढा, संक्रांतीला एकेक, पुढच्या मृगाला उरलेली. दर वेळी फोटो घ्या, तारीख लिहा, किती उरलं ते लिहा. शास्त्रज्ञही साधारण असंच करतात. गावोगावच्या दहा-वीस शेतकऱ्यांनी हे केलं, तर पुढच्या वर्षी विक्रेता येईल तेव्हा तुमच्या हातात त्याच्या पत्रकापेक्षा भक्कम पुरावा असेल, आणि तो घेऊन तुम्हाला विद्यापीठाचं आणि कृषी कार्यालयाचं दार ठोठावता येईल. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो त्यांच्या नावाने एवढं एक काम भोकर तालुक्याने हाती घ्यावं, ही विनंती करतो आणि थांबतो.